चुनखडीवरच्या गोगलगाई आणि आमच्या वन्सं

वन्सं,

भेटायला येणाऱ्यांची रीघ आता थांबली आहे. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरात सतरंजी घालून आम्ही बसायचो आणि येणारी प्रत्येक बाई दारातूनच म्हणायची, "फार एकट्या राहिल्या हो बिचाऱ्या!" तुम्हाला कुणी बिचारी म्हटलं की मला हसू फुटायचं. सुतकात हसू नये म्हणून मी पदर तोंडाला लावायचे. त्यांना वाटायचं भावजय रडतेय. रडतही होते म्हणा.

एकीने तुमच्या कपाटातल्या काड्यापेट्या पाहिल्या. ओळीने रचून ठेवलेल्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. तिने एक उघडली आणि आतले ज्वारीच्या दाण्याएवढे शंख बघून विचारलं, "हे कशाचं बी?" मी म्हटलं, "गोगलगाई आहेत." तिने पेटी पटकन मिटली आणि हात झटकले. तुम्ही असतात तर तिला बसवून घेतलं असतंत, आणि चहा निवेपर्यंत तिची सुटका झाली नसती.

मलाही तुम्ही असंच बसवून घेतलंत. फरक एवढाच, की मला तुम्ही दगडावर बसवलंत.

लग्न होऊन हिंगोलीकडून या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. नणंद, त्यात वयाने मोठी, त्यात लग्न न केलेली, आणि जामबागेत मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. माझं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबलेलं. तुम्हाला तांडूरकडे जायचं होतं आणि सासूबाई म्हणत होत्या, "रानावनात एकटीनं जायचं नाही. सोबत कुणी असेल तर जा."

तुम्ही स्वयंपाकघरात डोकावलात. "सुधा आहे ना!"

पहाटे उठून मी नारळ, हळदकुंकू, उदबत्ती असं सगळं पिशवीत भरलं. नणंद घेऊन जातेय म्हणजे कुठलं तरी देवीचं ठाणं असणार. गाडीत तुम्ही काही बोलला नाहीत. तांडूरला उतरून बंडी केली, कागणा नदीच्या काठाशी आलो, तरी देऊळ काही दिसेना. समोर नुसता एक कडा. करड्या दगडाचे थर भाकरीवर भाकरी ठेवावी तसे रचलेले.

"देवी कुठंय?" मी विचारलं.

तुम्ही माझ्या पिशवीत बघितलंत आणि इतक्या हसलात, की बंडीवाला मागे वळून बघायला लागला. मग माझा चेहरा पाहून एकदम थांबलात. म्हणालात, "चुकलं माझं. सांगायला हवं होतं. ये, इथं नाक लावून बघ."

मी कड्याला नाक लावलं. फटीत मातीचे बारीक खडे चिकटलेले दिसले.

"खडे आहेत," मी म्हटलं.

तुम्ही त्यांच्यावर पाण्याचा शिंतोडा दिलात. मग आपण तोच नारळ फोडून खात बसलो. थोड्या वेळाने तुम्ही माझं कोपर दाबलंत. त्यातल्या एका खड्यातून केसाएवढी दोन शिंगं बाहेर आली, डोलली, आणि सगळा खडाच हळूहळू चालायला लागला. वन्सं, मी तोवर माणसं जन्मताना पाहिली होती, वासरं जन्मताना पाहिली होती. पण दगड जिवंत होताना पहिल्यांदाच बघत होते.

तिथेच तुम्ही मला तुमचं सगळं काम सांगितलंत, मला कळेल का याची शंका न घेता. यांना शंखासाठी चुना लागतो, तो या दगडात मिळतो. ऊन पेटलं की या फटीत शिरतात, तोंडावर पापुद्रा धरतात आणि ओल येईपर्यंत झोपून राहतात. चुनखडी संपली की याही संपतात. मग लाल जांभा, काळी माती, आपल्या शहराचा तो थोराड ग्रॅनाइट, इथे कुठेही या नाहीत. पुढे कुठे चुनखडीची टेकडी वर आली, की त्या पुन्हा आहेतच.

"मग मधल्या वाटेनं गेल्या कशा?" मी विचारलं. "एवढ्याशा तर आहेत."

तुम्ही खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात. "तेच शोधते आहे," म्हणालात. आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी सासूबाईंना सांगितलंत, "हिला मॅट्रिकला बसवायचं."

त्यावर घरात काय झालं ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "आक्का, घरात एक शिकलेली आहे तेवढी पुरे." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "एक आहे म्हणून तर दुसरीची सोय झाली. भात वाढ." विषय तिथेच संपला. आभार मानायचे तर मला त्या भातापासून सुरुवात करावी लागेल.

मग आपण किती हिंडलो! तांडूर, शहाबाद, सेडमकडची रानं. सापडल्या की नकाशावर गोल, नाही सापडल्या की फुली. फुल्यांचा मला कंटाळा यायचा. दिवसभर उन्हात दगड न्याहाळायचे आणि हाती एक फुली. पण तुम्ही फुलीच्या जागी जास्तच वेळ घालवायचात. "आहेत म्हणायला एक पुरते गं," म्हणायचात. "नाहीत म्हणायला सगळं रान बघावं लागतं."

जामबागेतली ती भिंत मात्र मला सापडली. मॅट्रिकचा पेपर देऊन बाहेर आले होते, डोकं बधिर झालं होतं, म्हणून कॉलेजामागच्या जुन्या भिंतीला टेकून बसले. भिंत ग्रॅनाइटची, पण सांधे चुन्याचे, जाडजूड. सवयीने सांध्यात बघितलं आणि पेपर विसरून धावत तुम्हाला बोलवायला आले. तुम्ही चालू तास सोडून आलात. तुमच्या मागे सगळा वर्ग.

म्हातारा चौकीदार घाबरला. "क्या हुआ बीबी? साप है क्या?"

"नक्को डरो, मामू. ये दीवार कब की है?"

"मेरे दादा के वक्त भी थी, बीबी. गिराते क्या?"

"गिराने नक्को देना," तुम्ही म्हणालात. भिंतीला गाल लावून तुम्ही नवीन नवरीसारख्या लाजत हसत होता.

तिथून आपलं पहिलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, शहाबादी फरश्या बंड्यांतून शहरात येतात, त्यांच्या फटीत बसून या आल्या, माणसांनीच आणल्या. तुमचं म्हणणं, असेल, पण पुरावा काय? कदाचित फार पूर्वीपासून त्या इथे कुठेतरी तग धरून असतील आणि चुना मिळाल्यावर भिंतीवर आल्या असतील. वर्षानुवर्षं आपण हे भांडण भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना चालवलं. सासूबाई म्हणायच्या, "शेतीच्या बांधावरून भांडावं तशा भांडतात दोघी."

मग राज्य फुटलं. हैदराबाद संस्थान होतं त्याचं राज्य झालं होतंच, आता त्याचेही तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे, गुलबर्गा म्हैसूरकडे, आणि आपण राहिलो आंध्रात. तांडूर तर गुलबर्ग्यातून तोडून इकडे जोडलं. पाटबंधारे खात्यात तुमच्या भावाचं नाव मुंबई राज्याच्या यादीत आलं. तबादला औरंगाबादला. आपल्या गल्लीतली मराठी घरं एकेक करून रिकामी होत होती. लॉरीत पाटेवरवंटे चढत होते, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बायका पुढच्या सीटवर बसत होत्या. मराठी शाळेच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी झाली.

तुम्हीही चला, असं सगळे गृहीतच धरून होते. तिकडेही कॉलेज आहे, तुमची नोकरी तिकडे लागेल, असं भाऊ म्हणाले. तुम्ही नाही म्हणालात.

"इथं तुझं कोण उरणार आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या मुली आहेत. माझं काम आहे."

"काम तिकडं कर."

"आई, औरंगाबादेला चुनखडी नाही गं. सगळा काळा दगड."

हे तुम्ही इतक्या केविलवाण्या सुरात म्हणालात, की रडणाऱ्या सासूबाईंनाही हसू आलं. पण तुमचे भाऊ हसले नाहीत. "म्हणजे किड्यांसाठी तू आम्हाला सोडणार," असं म्हणून ते उठून गेले. ते बोलणं तुम्हाला लागलं होतं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. किडे म्हटल्याचा राग जास्त होता की सोडणार म्हटल्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझी तेव्हा कॉलेजची दोन वर्षं उरली होती. मी काही बोलले नव्हते. बोलण्याची हिंमत नव्हती. सामान बांधायला घेतलं तेव्हा तुम्ही माझी पुस्तकं पेटीतून काढून परत फळीवर ठेवलीत. भावाला म्हणालात, "सुधा परीक्षा होईपर्यंत इथं राहील."

"लोक काय म्हणतील, आक्का?"

"लोकांना सांग, बहिणीला सोबत हवी होती. माझ्यावर घाल सगळं. मी काय, बदनामच आहे."

ते माझ्याकडे बघायला लागले. वन्सं, त्या क्षणी मी मान खाली घातली नाही. ते बळ कुठून आलं ते तुम्हाला माहीत आहे. ते "बरं" म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो "बरं". पण त्यांच्याकडून तो काढून घेतलात तुम्ही.

ती दोन वर्षं! घरात आपण दोघीच. तुम्ही डाळ करपवायचात आणि वाचत वाचत तीच जेवायचात. आपला नकाशा आता दोन राज्यांत गेला होता. शहाबादहून परतताना नाक्यावर शिपायाने पिशवी उघडून काड्यापेट्या बघितल्या ते आठवतं? त्याने गंभीरपणे विचारलं, "ये आंध्रा के हैं, कि मैसूर के?" आणि तुम्ही त्याच्याहून गंभीरपणे म्हणालात, "वोइच तो देखने आये हैं भाई." त्याने सलाम ठोकून सोडलं. मी गाडीत बसेपर्यंत हसू दाबून धरलं होतं.

आता त्या कड्याचं लिहिते. टाळत होते, पण त्याच्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा नेलंत त्याच्याही खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर एक लहान कडा होता. तिथे एक वेगळीच गोगलगाय मिळाली होती. शंखाचं तोंड एका बाजूला वर वळलेलं, रुसलेल्या पोरीसारखं. आपण तिला वाकडतोंडी म्हणायचो. पुढे मागे, नदीच्या दोन्ही काठांना आपण पायपीट केली, पण ती त्या एका कड्याखेरीज कुठेच नव्हती. सबंध जगात तिचं घर म्हणजे आपल्या दोन खोल्यांएवढा दगड.

आणि त्या हिवाळ्यात गेलो तर कड्याच्या एका टोकाला सुरुंगाची भोकं पाडलेली. खाण सुरू झाली होती. तुम्ही तशाच उन्हातून ठेकेदाराच्या झोपडीत गेलात. माणूस चांगला होता. खुर्ची दिली, ताक दिलं. तुम्ही सांगितलं की तेवढं एक टोक सोडा. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नत्तलकोसमा, अम्मा?" गोगलगाईंसाठी? तो हसला नाही, हे विशेष. म्हणाला, दगड तोडायचा परवाना माझा असला तरी हुकूम वरचा आहे. आठवडाभर मी दुसऱ्या टोकाला काम लावतो, एवढंच माझ्या हातात आहे.

कड्याशी परत आलो. मी जेवणाचा डबा धुतला, आत ओलं फडकं घातलं.

"काय करतेस?"

"यांना नेऊ या. पलीकडच्या काठालाही चुनखडीच आहे."

"नाही."

"का नाही?"

"तिथं त्या नाहीत, सुधा. आपण दोघींनी बघितलंय. तिथं सोडल्या की तो नकाशा खोटा झाला. उद्या कुणी येईल, बघेल, आणि म्हणेल या इथल्याच."

"इथं ठेवल्या तर सुरुंगात जातील."

"जातील." तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि पलीकडे ज्या दुसऱ्या राहतात, त्यांचं या तिथं गेल्यावर काय होईल, तुला माहीत आहे? मला माहीत नाही. माहीत नसताना हात घालू नये."

"जामबागेत कुणी तरी आणल्याच ना? नकळत आणल्या तर चालतं, आणि जाणूनबुजून जीव वाचवला तर ते खोटं?"

"त्या कुणी आणल्या हे अजून ठरलेलं नाही!" तुम्ही ओरडलात. माझ्यावर ओरडण्याची ती एकच वेळ.

मग तुम्ही थोडे शंख पेटीत घेतले, थोड्या गोगलगाई स्पिरिटच्या बाटलीत. बाटलीचं बूच तुम्हाला लावता येईना, मी ते लावून दिलं. डबा मी कोरडा केला. गाडीत आपण समोरासमोर बसून दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो. विकाराबादला गाडी बराच वेळ थांबते. तुम्ही उतरून दोन चहा घेऊन आलात, एक माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुझं बरोबर असेल. पण मला जमणार नाही."

शिकलेल्या, मोठ्या माणसाने मला इतक्या बरोबरीने कधी वागवलं नव्हतं. मी चहा प्यायले आणि राग तसाच ठेवला. तो ठेवायचीही तुम्ही मुभा दिलीत.

पुढच्या खेपेला तिथे कडा नव्हता. पाणी साचलेला खड्डा होता, चांगला चौकोनी. नकाशावरचा गोल तुम्ही खोडला नाहीत. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलात, "होत्या."

मी पदवी घेऊन औरंगाबादेला गेले, शाळेत लागले. मुलींना जीवशास्त्र शिकवते. सुटीत आले की तुम्ही स्टेशनवर मला घ्यायला यायचात आणि घरी न नेता थेट कुठल्यातरी गाडीत बसवायचात. या वर्षी तुम्ही स्टेशनवर नव्हतात. तुमच्या विद्यार्थिनीने तार केली होती. मी सरळ दवाखान्यात आले. त्या तीन आठवड्यांत आपण काय काय बोललो! मुलींच्या परीक्षा, दवाखान्यातली पातळ खिचडी, अंबरपेठेतला तो भाजीवाला. त्या दिवशी कड्यापाशी कोण बरोबर होतं, हे मला विचारायचं होतं. रोज खुर्ची ओढून बसले की ओठावर यायचं. तुम्ही माझा हात धरून पडून असायचात आणि मी भाजीवाल्याचंच बोलायचे. तुमचे उपकार किती, हेही सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही वैतागून म्हणाला असतात, "उपकार कसले? सोबत लागत होती मला."

तेराव्यानंतर पाहुणे गेले. तुमचे भाऊ ओसरीवर बसून होते. इतकी वर्षं त्यांनी तुमच्या कामाचं नाव काढलं नव्हतं, आणि तुम्हीही त्यांच्यासमोर कधी काढलं नाहीत. मला म्हणाले, "मला ती जागा दाखव."

आम्ही तांडूरला गेलो. श्रावणातलं आभाळ, दगड ओला. ते कचेरीचे बूट घालून आले होते, दोनदा घसरले. मी त्यांना कड्याला नाक लावायला लावलं. मग, "चालतेय की ही," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत राहिले.

मग मी खालच्या वळणावर नेलं, तो खड्डा दाखवला, वाकडतोंडीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकदम चिडून म्हणाले, "मग डब्यात घालून पलीकडे का नाही नेल्या? डबा होता ना?"

वन्सं, माझंच वाक्य होतं ते. मी म्हणायला हवं होतं, तेच तर मी सांगत होते. पण तोंडातून आलं ते वेगळंच. "तिथं त्या नव्हत्या. जिथं नाहीत तिथं नेऊन ठेवल्या तर नंतर येणाऱ्याला खरं काय होतं ते कसं कळणार?"

"पण मेल्याच ना!"

"मेल्या."

"आक्काला काही वाटलं नाही?"

"बाटलीचं बूच लावता येईना त्यांना."

ते पुन्हा म्हणाले, "तरी न्यायला हव्या होत्या," आणि मी पुन्हा तुमच्या बाजूने उत्तर दिलं. अजूनही मला ते पुरतं पटलेलं नाही. तरी एकही मुद्दा न सोडता सांगत होते. परतीची गाडी गेली. तुमचे भाऊ ओल्या दगडावर ऐसपैस बसून हातवारे करून भांडत होते, तुमच्याशी, तुमच्या गोगलगाईंवरून, आयुष्यात पहिल्यांदा. आणि तुमच्या वतीने मी त्यांना उत्तरं देत होते.